पट्टी उलटी होती

भोसरीत, जिथे गल्लीच्या तोंडाशी
ओतकामाची काळी वाळू रस्त्यावर सांडलेली असते,
तिथल्या एका बंद होत आलेल्या पॅटर्न शॉपमधून
मी बँडसॉ घेतला. अठरा हजार, टेम्पो वेगळा.
हसन शिकलगार म्हणाले, घरात कोणी सुतार आहे, मॅडम?
नाही म्हटलं.
मिस्टर?
म्हटलं, मीच. म्हणजे, होणार आहे.
त्यांनी नोटा मोजल्या डाव्या हाताने.
उजवा खिशातच.

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या वह्या तपासते.
जुळलं की हिरव्या शाईची बरोबरची खूण,
एवढंच माझं हातकाम.
आता धायरीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये,
माझ्या स्कूटरच्या जागेवर
साडेपाच फुटी बिडाचं धूड उभं आहे
आणि सेक्रेटरी गुंडावार येताजाता त्याच्याकडे बघतात,
मुक्काम लांबवणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसे.

रॉकेल आता मिळतं कुठे?
डिझेल आणलं, त्याने टेबल घासलं.
कोपरापर्यंत तांबूस चिखल,
आणि खाली एक करडा, थंड चौकोन
ज्यात माझा चेहरा नाही, ट्यूबलाइट तेवढी दिसते.
वरचं चाक फिरवलं तर बेअरिंग
जात्यात खडा आल्यासारखं.
नाना पेठेत दुकानात जाऊन नंबर सांगितला,
बासष्ट शून्य तीन.
काउंटरवरच्या पोराने वर न बघता विचारलं, किती?
म्हणजे नंबर बरोबर होता.
सी.ए.च्या निकालाच्या दिवशीही मी इतकी ताठ चालले नसेन.

चाकांवरचं रबर बोट लावलं की भुकटी.
सायकलची ट्यूब कापून चढवली,
दोनदा सुटून ती तोंडावर आली.
पट्टी टिंबर मार्केटात जोडून घेतली,
वेटोळं करून, पोत्यात गुंडाळून
बसमध्ये मांडीवर धरली.
शेजारची बाई जरा सरकून बसली.

आणि मग ती कापेचना.
चाकं फिरतात, पट्टी मधोमध पळते,
स्प्रिंग ताणलेली, सगळं पुस्तकात असतं तसं,
आणि सागाचा तुकडा पुढे केला की धूर.
जळका गोडसर वास, लाकडावर तपकिरी डाग.
तीन रविवार.
कपॅसिटर बदलला, गरज नसताना.
गुंडावार म्हणाले, भंगारवाला ओळखीचा आहे.

तिसऱ्या रविवारी फोन लावला.
शिकलगारांनी आधी वासाचं विचारलं.
मग म्हणाले, मशीन बंद? दातांना नख लावून बघा.
कुठे तोंड आहे?
वर.
बराच वेळ पलीकडे काही नाही,
मग खोकल्यासारखं हसू.
बनियन उलटं घातलंय तुम्ही तिला.
काढा, पिळा, आतली बाजू बाहेर आणा.
दात खाली बघायला पाहिजेत, टेबलाकडे.
आणि फोन ठेवता ठेवता:
बोटं मोजत जा. बंद केल्यावर, दर वेळी.

पट्टी काढली. हातमोज्यात ती तडफडली,
आठाचा आकडा झाली,
मग खटकन पुन्हा गोल, दुसऱ्या अंगाने.
खालचं झाकण लावताना बॅटरी आत धरली
तेव्हा पहिल्यांदा दिसलं: पत्र्यावर
खिळ्याने ओरखडलेल्या तारखा,
पट्टी बदलल्याच्या, एकाखाली एक, सरळ रकान्यात.
एका तारखेपुढे फुली.
त्यानंतर चार महिने कोरे.
मग पुन्हा नोंदी सुरू, पण अक्षर वेगळं,
मोठं, तिरपं,
डाव्या हाताचं.

साग कापला.
रेघ माझी होती, पट्टी तिच्यापासून अर्धा इंच
आपल्या मनाने गेली.
भुसा चपलेत, केसांत, गुंडावारांच्या बॉनेटवर.
बटण बंद केलं.
चाकं लगेच थांबत नाहीत. मीही थांबले.
मग गुंडावार जिन्याशी उभे असताना
हात पुढे धरून
मोठ्याने मोजलं.