चौदा जुलैचा कागद

गोल कागद, तळहातापेक्षा लहान,
क्वार्ट्झच्या तंतूंचा. चढवला तेव्हा सायीसारखा,
चोवीस तास कोयाइकेची हवा पिऊन
उतरला तेव्हा कढईच्या बुडासारखा.
चिमट्याने उचलून मी फॉइलमध्ये गुंडाळते,
वर लिहिते : चौदा जुलै. उणे अकरा. वारा नाही.

प्रयोगशाळेत त्यातून कोटाच्या बटणाएवढी
चकती पाडायची, द्रावणात बुडवायची,
आणि यंत्राला विचारायचं,
कोण कोण येऊन गेलं?

यंत्र नावं घेत नाही. खुणा सांगतं.
जरासं कोलेस्टेरॉल :
कुणीतरी त्या गारठ्यातही कोकराची बरगडी भाजली.
होपेनचे दोन-तीन उंचवटे :
पोर्तो आइसेनची बस, तिच्या इंजिनातलं जुनं तेल.
पानांवरचं मेण, चिमूटभर.
मग रेघ उठते
ती पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकते.
लेव्होग्लुकोसान.
जळत्या लाकडातून निसटलेली साखर.
डिझेल कितीही जाळा, ही मिळणार नाही.
बाजूला सिरिंगॉल, म्हणजे पाइन नव्हे, लेंगा.
आणि इतकी उंच म्हणजे
ओला, धुमसत ठेवलेला.

नगरपालिकेतले बारिएंतोस फोनवर खेकसतात :
लाकूड कळलं हो, घर कुणाचं?
गल्ली तरी सांगा, मिलेन्का!
मी म्हणते, शंभरातले चौऱ्याऐंशी चुलींचे.
गल्ली कागदाला कळत नाही.

मला कळते.

चौदा जुलैला आमचा सुका ढीग संपला होता.
बाबांची ढास थांबेना, नखं निळसर.
रात्री नऊला ट्रकवाल्याकडून तीन पोती घेतली,
पावती नाही, भाव दुप्पट,
लाकूड असं की टोकातून पाणी फेसाळत होतं.
शेगडी भरली, हवेची खिडकी बंद केली,
सकाळपर्यंत पुरावं म्हणून.
यंत्राचा खांब आमच्यापासून सहा गल्ल्यांवर.

“काय सापडलं गं?” बाबा विचारतात.
“साखर.”
“मग मुंग्या कशा नाही लागल्या?”
स्वतःच हसतात, हसण्याचा खोकला होतो,
मी माटेचं पाणी पुन्हा तापवायला उठते,
ते गरमच असतं.

अहवालात शेवटचा रकाना :
उगम अज्ञात, सहा टक्के.
बारिएंतोसना तो आवडत नाही.
मला त्यातल्या त्यात तोच बरा वाटतो.

मागच्या छपरात बाबा नवी थप्पी रचताहेत,
एक ओंडका, मग बसत, मग एक.
साल वर, मध्ये बोटभर फट,
वाऱ्याला जायला.
लेंगा सुकायला दोन उन्हाळे घेतो.
थप्पीवर त्यांनी खडूने सन घातलाय.
मी वजाबाकी केली नाही.
पलीकडचं टोक धरलं.