पाचव्या भोकाचा बिघाड

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी व्हॉल्व्ह घासले.
मायक्रॉनात बोलायची खोड लागली,
बायको म्हणते, मिठाच्या बाबतीतसुद्धा.
आता शहापुरात, पिठाच्या गिरणीला लागून,
साडेसात फुटी गाळ्यात
माउथ ऑर्गन उघडून बसतो.
गिऱ्हाईक थोडं. कँपातले एक निवृत्त सुभेदार,
चर्चमधला पोरगा, रॉक्विन्हो,
आणि ज्यांना माळ्यावर काहीतरी सापडतं असे.

महानंदा खोत निपाणीहून आली, दुपारच्या बसनं.
रुमालात बाजा, रुमालाला तपकिरीचा वास.
"अप्पांचा. तंबाखूच्या वखारीत रखवालीला होते.
पाचवं भोक आत ओढलं की रडतंय."

चार खिळे ब्लेडनं उचलले.
आत चुना, जर्दा, मिशीचा एक केस,
पितळेवर हिरवी साय,
लाकडी कंगवा लाळेनं फुगून
दात विचकून बसलेला.
पट्ट्या चिंचेच्या कोळात घातल्या,
देवाची भांडी घालतात तशा.
कंगवा नवा कापला, खानापूरच्या सागाच्या तुकड्यातून,
काचेवर पॉलिशपेपर ठेवून
इंग्रजी आठचा आकडा गिरवत गिरवत घासला,
मग मेण पाजलं.

आतल्या पट्टीला मी जीभ म्हणतो.
एका टोकाला रिव्हेट, दुसरं मोकळं.
मोकळ्या टोकाला खरवडलं तर सूर चढतो,
बुडाशी खरवडलं तर उतरतो.
शास्त्र एवढंच. बाकी हात.
फोनवरचा काटा बारा घरं डावीकडे होता.
जिभेखाली पातळ पत्रा सरकवला,
टोकाला तीन ओरखडे.
काटा मध्यावर. दोनशे ऐंशी रुपये.

नवव्या दिवशी ती परत.
चप्पल न काढता पायरीवर बसली, वाजवलं.
"सरी इल्ल्री,"
आधी तोंडातून हे निघालं,
मग, "चांगलं झालंय. खरं अप्पांचं नव्हे."
मी म्हटलं, काटा बघा.
तिनं काटा बघितला नाही.
फोन काढला. अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग:
कुत्रं, लांब हायवेवर लॉरी, कुणाचा तरी खोकला,
आणि ती ओळ, पाचव्या भोकापाशी येऊन
जराशी खाली बसणारी,
पोतं उतरवलेल्या माणसासारखी.

"तुम्हीच म्हणाला होता की, रडतंय."
"तक्रार नव्हती ती," महानंदा म्हणाली,
"सांगत होते."

बिघाड काढायचे पैसे जन्मभर घेतले,
घालायचे कधी नाही.
त्याचं ड्रॉइंग नसतं. टॉलरन्स कोण लिहून देणार?
रात्री गिरणी थांबल्यावर बसलो.
बुडाशी ब्लेड. एक ओरखडा. ओढून बघ.
कुत्रं, लॉरी, खोकला. ओढून बघ.
चौथ्याला जवळ आलं,
पाचव्याला पार खाली गेलं,
परत टोकाकडे, हलक्या हातानं,
आणि मध्येच कधीतरी मी काट्याचा फोन
पालथा घालून ठेवला.

पितळ बरंच गेलं. जीभ पातळ झाली,
तसं मी तिला सांगितलं.
रोज वाजवलंत तर दोन वर्षं.
"रोज कुठलं," ती म्हणाली,
"दवाखान्यात रात्रपाळी असते तेव्हाच.
पेशंट झोपले की, जिन्यात."
पायरीवर बसून एकदा ओढलं पाचवं.
काही बोलली नाही. रुमाल गुंडाळला,
चार वाजताची निपाणी गाठायची होती.

मिशीचा केस मी त्या दिवशी
फुंकरीनं उडवला होता.
ते तिला सांगितलं नाही.

वहीत लिहिलं:
खोत, निपाणी. पाच, आत ओढ. बारा घरं खाली.
पुन्हा आलं तर
दुरुस्त करू नये.