शिंक

कळमन्याच्या यार्डात मी मिरचीवर आहे, सतरा वर्षं.
मिरचीवर म्हणजे,
गहूवाले, चणावाले सुटीनंतर एकत्र जातात नळाकडे
आणि आम्ही मागून.
पारडीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असते.
कोणी वाईट बोलत नाही.
एक बाई शिंकते, मग तिचं पोर, मग कंडक्टर,
मी आपणहून दाराशी जाऊन उभा राहतो.

माझं नाक कधीच मेलं.
पहिल्या वर्षी दिवसभर डोळे गळायचे,
लोकांना वाटायचं, घरी काही झालं असेल.
घरी कोणी नव्हतंच, काही व्हायला.

रेवाराम पंधरे आला शिवनीकडून,
एका पायात चप्पल, दुसरी रेल्वेत राहिलेली.
मापाऱ्यानं विचारलं, पोतं उचलतं का बे?
तो म्हणाला, उचलतो, ठेवाचं कुठं तेवढं सांगत जा.

नाव लिहिताना अडत्या हसला:
हा दुर्योधन, मंग तू कर्ण काय रे?
रात्री खोलीवर त्यानं विचारलं, कोण होता तो?
मी म्हटलं, दोस्त होता.
"मंग मरते का तो?"
"त्याच्यात सारेच मरते. झोप आता."

पोतं पाठीवर चढवायला दोन माणसं लागतात.
उतरवायला एकही पुरतो.

मग बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसू लागलं.
दोन मेलेली नाकं, खिडकीकडे तोंड करून.
बोलायचो फार नाही.
भारतवाड्याच्या वळणावर तो झोपेत
माझ्या खांद्यावर डोकं टाकायचा,
मी खांदा हलवायचो नाही,
पोत्यानं सोललेला होता तरी.

नवतपा लागला की खोलीचे पत्रे रात्री दोनपर्यंत तापलेले.
कूलर घ्यायचं ठरवलं.
तीन वर्षं ठरवत होतो.
खसची ताटी, खाली चाकं, आणि आवाज,
तो आवाज रेवाराम अंधारात तोंडानं काढायचा,
भर्रर्र,
खरं सांगतो, थोडं गार वाटायचं.

घेतला शेवटी, कबाड्याकडून, पंधराशेला,
अर्धे त्याचे, अर्धे माझे.
सुरू केला तर खुंटीवरच्या कपड्यांतली मिरची
उडाली साऱ्या खोलीत, भिंतीच्या फटीतून पलीकडेही.
शेजारचा म्हातारा खोकत, शिव्या देत रस्त्यावर.
आम्ही जमिनीवर हसत पडलो.
आम्हाला काहीच होत नव्हतं.

त्याच नवतप्यात त्याला वर्धा रोडवर काम लागलं,
काचेच्या मोठ्या दुकानाच्या दारावर.
निळा शर्ट, शिट्टी, राहायची सोय.
जाताना म्हणाला, "कूलर राहू दे तुह्याजवळ,
माहे साडेसातशे त्याच्यातच आहेत."
जणू टाकीत ठेवून चालला होता.

आठ महिने.
मापारी म्हणाला, नवा जोडीदार देऊ का?
मी भिंतीला पोतं टेकवून
खाली बसून, पाठ लावून
एकट्यानं उठायला शिकलो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आला.
अंगाला साबणाचा वास असेल, मला वास कळत नाही.
बारदानावर माझ्या शेजारी बसला
आणि शिंकला.
एकदा. मग लागोपाठ तीनदा.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
चोरी पकडल्यावर पाहतात तसं,
फक्त चोर कोण ते ठरेना.

मी सरकलो थोडा.
सवयीनं, बसमध्ये सरकतो तसा.
"कुठं चालला बे?" शर्टाच्या निळ्या बाहीनं नाक पुसत,
"बस नं."
कागदातला तिळाचा लाडू फुटता फुटेना,
त्यानं दातानं तोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.
माझा हात लाल होता, त्यानं तो धरूनच ठेवला जरा वेळ,
शिंकत.

पाच वाजेपर्यंत बसला.
गहूवाले नळाकडे जाताना थांबून पाहत होते,
एवढा चांगल्या कपड्यातला माणूस
मिरचीत बसून काऊन रडून राहिला.