भोक आहे, भोक नाही

साखर पेठेत दुपारी तीनला
रस्त्यावर माणूस नसतो, नुसतं ऊन असतं.
चिलवेरींच्या दारात चप्पल काढली
आणि हातात घेऊनच आत गेलो,
परत घालताना पाय पोळू नयेत म्हणून.

टीव्ही नवा, मुलानं पुण्याहून धाडलेला.
आवाज बाहेर सोडायला
त्याच्या पाठीला एकच चौकोनी तोंड: ऑप्टिकल.
ॲम्प्लिफायर जुना,
कारखाना बंद पडला तेव्हा हिशेबाच्या पैशातून घेतलेला,
त्याला फक्त कोॲक्सियल, नारिंगी कड्याचं, गोल.
"एका खोलीत राहून बोलंनात ओ,"
राजेशम म्हणाले, "भाऊबंदकीच की."

पिशवीतून डबी काढली,
काडेपेटीहून जराशी मोठी, चारशे रुपयांची.
इकडून उजेड शिरतो,
तिकडून करंट निघतो.
उलटं चालत नाही, उलट्याला वेगळी डबी.
हे मी दहा गिऱ्हाइकांना सांगतो
आणि त्यातले सात
उलटीच घेऊन जातात.

वायरच्या टोकाचं टोपण काढलं.
मुडपू नका, म्हटलं,
आत धागा आहे, घडी पडली की मेला.
धागा म्हटल्यावर त्यांनी चष्मा चढवला.
"कितवा काउंट?"
मला सांगता येईना.

टोक त्यांच्या तळहातावर धरलं.
लाल ठिपका, टिकलीएवढा.
त्यांनी मूठ मिटली,
किलकिली करून आत बघितलं.
"ह्यात आवाज हाय?"
"आवाज नाही. आकडे. एक नि शून्य.
दिवा लागतो, विझतो, सेकंदाला लाखो वेळा,
आपल्याला नुसता लाल दिसतो."

मला वाटलं, आता म्हणतील,
आम्हाला काय कळतंय त्यातलं.
ते उठले. फळीवरून
दोरीनं ओवलेली जकार्डच्या पुठ्ठ्यांची चवड काढली,
धूळ माझ्याच अंगावर झटकली.
"एकतीस वर्षं मी हेच पंच केलो.
भोक हाय, सुई जाती, धागा उठतो.
भोक नाही, धागा खाली.
चादरीवर मोर दिसतो न्हवं,
ह्यात शोधा बघू मोर."
मी शोधला नाही.
"मग तुमची डबी मोराला हात लावत नाही?"
"नाही. पुठ्ठा तेवढा बदलते."
"भोकं?"
"तीच."
"हां," म्हणाले, आणि खाली बसले.

सगळं जोडलं. डबीचा हिरवा दिवा लागला.
आवाज नाही.
मग खरखर, वाळू चाळल्यासारखी.
माझ्या मानेवरून घाम,
त्यांचं तोंड अगदी सरळ.
"मोराची शेपटी कुठं गेली ओ, बसूभाऊ?"
डबी चांगली होती, वायर चांगली होती.
टीव्ही डॉल्बीत बोलत होता
आणि जुन्याला ती भाषा येत नव्हती.
असं होतं. माझी आई फोनवर कन्नडमध्ये भडाभडा बोलते,
पोरगी मान हलवते,
नंतर मला विचारते, आजी काय म्हणाली?
सेटिंगमध्ये गेलो, पीसीएम केलं.

तेलुगू बातम्या.
एक बाई कुठल्याशा धरणाविषयी सांगू लागली.
राजेशम स्पीकरजवळ सरकले,
जाळीवर तळहात ठेवला,
मघाचाच, लाल ठिपक्याचा.
वरचे सूर मागांनी कधीच खाल्लेत त्यांचे,
हे मला तेव्हा कळलं.
आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले,
"विनपडतुंदा?"
पोशव्वा विड्या वळत होत्या.
सुपातून मान वर न काढता
त्यांनी एकदा हुं केलं असावं,
मला ऐकू आलं नाही,
त्यांना कसं आलं कोण जाणे.
"येऊलालाय म्हणती," ते मला म्हणाले.
"मग बरोबर हाय."

पाचशे दिले, शंभर परत घेतले नाहीत.
दारात मी चप्पल घालत होतो
तर मागून आले, चिमटीत ते टोपण.
"हे कुठं लावायचं?"
ठेवा कुठंतरी, म्हटलं,
वायर काढाल तेव्हा लागेल.
त्यांनी इकडे तिकडे बघितलं,
आणि पुठ्ठ्यांच्या चवडीतल्या
एका भोकात बसतं का, ते बघू लागले.