अकरा आणि सात-सोळांश

जुन्या बाजारात बुधवारी पाने किलोवर मिळतात.
ताडपत्रीवर ओतलेले,
कुणाच्या तरी बंद पडलेल्या वर्कशॉपचे.
मी पहिल्यांदा गेले तेव्हा
दोन किलो चकाकी घेऊन आले.
दस्तगीरचाचांनी एकेक उचलून जबड्यात नख फिरवलं
आणि नासका पेरू निघावा तसा बाजूला ठेवला.
"क्रोम चाटायचंय का तुला, सुगंधा?"

टिंबर मार्केटच्या मागे आमचं गॅरेज.
दोन गाड्या आत, तिसरी कायम रस्त्यावर,
आणि तिसरीवरून प्लायवुडवाल्या ओसवालांशी
रोज अकरा वाजता भांडण.

आयटीआयच्या वहीत माझ्याकडे पान्यांचे चौदा प्रकार होते,
सुबक, पेन्सिलीने छायांकित.
त्या वहीच्या भरवशावर
मी कर्णिकबाईंच्या फियाटखाली शिरले.
मागचं उजवं चाक.
पोलादी नळी जिथे रबरी होजला भेटते
तिथे एक नट, बोराएवढा,
वीस पावसाळ्यांचा चिखल पिऊन बसलेला.

दोन तोंडांचा पाना लावला. बसला.
म्हणजे बसला असं वाटलं.
नट अकराचा, पाना सात-सोळांशाचा.
मधे मिलिमीटरचा नववा हिस्सा,
तेवढ्यात काय होतंय, म्हटलं,
आणि जोर दिला.

आवाज काही आला नाही.
फक्त मनगटाला कळलं,
दाताखाली खडीसाखर सुटावी
तसे कोपरे सुटले.

चाचा ओरडले नाहीत. ते जास्त वाईट.
म्हणाले, तेल सोड त्याच्यावर, चहा सांग,
त्याला वेळ दे, तुला पण दे.
मग खणातून, जुन्या बनियनच्या चिंधीतून,
एक रिंग पाना काढला. एका बाजूला हॅक्सॉने कापलेला.
"पूर्ण रिंग नळीवरून जाणार कशी?
म्हणून ही फट.
नळी फटीतून आत घ्यायची, मग खाली सरकवायचा.
पाच बाजूंनी धरतो. सहावी नळीला."
आणि सहाकोनीच घ्यायचा.
बाराकोनी पाना म्हणजे लग्नातला पाहुणा,
सगळीकडे टेकतो, काम कुठेच नाही.
आणि दुसरा पाना होजच्या मानेला,
एकाने धरायचं, एकाने फिरवायचं,
नाहीतर नट राहतो जागेवर
आणि पीळ नळीला बसतो.
आणि लावल्या लावल्या जोर नाही,
आधी नुसता हलवून बघ,
खुळखुळला तर तो तुझा पाना नव्हे.

हे सगळं मला कळलं,
नट मात्र गेलेला होता.
नळी कापावी लागली. नाना पेठेतून नवी आणली,
पैसे माझ्या पगारातून, चाचांनी वहीत लिहिले,
खाली माझी सही.

कर्णिकबाई स्टुलावर शब्दकोडं सोडवत बसलेल्या.
"एवढ्याशा नटाला तीन तास?"
चाचा म्हणाले, "बाई, कात्रजच्या उतारावर
एवढासाच असतो तो."
बाईंनी चष्म्यावरून बघितलं
आणि आडवा सहा भरला.

मग हवा काढायची. आठ नंबर, निपलवर.
चाचा सीटवर, मी खाली.
दाब. धर. सोड.
बाटलीत बुडबुडे, मोठे, मग मोहरीएवढे,
मग नुसतं तेल, पिवळं, शांत.
त्यांचा पाय आणि माझा हात
यांच्यामध्ये ती नळी होती, माझ्या पगाराची,
आणि पहिल्यांदाच मला
त्यांचं वजन कळलं.

गाडी गेली.
मी फाटकापर्यंत गेले, हात पुसायचं निमित्त करून.
रामोशी गेटच्या बाजूने एक टेम्पो आडवा आला.
मागचे दोन्ही दिवे लाल झाले.
फियाट थांबली.

आत, चाचा ओसवालांना सांगत होते
की तिसरी गाडी
आता पाच मिनिटांत हलते.