क्वार्टर नंबर दोन

नऊ वर्षांत सात डॉक्टर गेले,
भिंतीला एक खिळा नाही.
क्वार्टर झाडते मीच, मालन ऐवळे, शिपाई,
प्राथमिक आरोग्य केंद्र, सिंदगेवाडी, तालुका जत.
ज्याला राहायचं नसतं
तो कॅलेंडर जमिनीवर टेकवून ठेवतो,
आरसा खिडकीत.
मला भिंत बघूनच कळतं.

आठव्या बाई भंडाऱ्याच्या. डॉक्टर प्रणोती मेश्राम.
सोबत नवरा, सहा वर्षांचा मुलगा,
आणि कुंडीतला कढीपत्ता,
एवढ्या लांबून मांडीवर धरून आणलेला.
पारावर विचारलं, आडनाव काय म्हणालीस?
मी म्हटलं, एमबीबीएस.
मग सगळे तंबाखू मळत बसले.

पहिल्याच दिवशी गाव मदतीला आलं.
बाजरीच्या भाकरी, शेंगाची चटणी,
डाळिंबाची पाटी, एक मोडका कूलर,
आणि सल्ले,
ते तर ठेवायला जागा पुरेना.
संध्याकाळी दाराशी चाळीस चपला.
बाई हसत होत्या,
पोरगं पलंगाखाली शिरलेलं, कानांवर हात.

तेव्हा मला उमगलं, आधीचे सात
आपण असेच, प्रेमानं, हुसकले असतील.

दुसऱ्या दिवसापासून फाटकाला कुलूप.
दुपारी दोन ते चार, किल्ली माझ्या कनवटीला.
सरपंच आले, बीपी दाखवायला.
बाई जेवतायत.
मग थांबतो.
जेवून झोपणार आहेत.
सरपंच बाभळीखाली टेकले.
बीपी तिथंच उतरलं असावं, परत आले नाहीत.

दवाखान्याचं बाई बघतात, ते त्यांना येतं.
प्रश्न घरातल्या दोघांचा.
नवरा, अश्वजित, यांचं काम कॉम्प्युटरवर,
आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीला,
जिन्याच्या पाचव्या पायरीवर.
तिथं बसून ते इंग्रजीत पुण्याशी बोलायचे,
खाली शेळ्या ऐकायच्या.
नळावर चर्चा:
बाई नोकरीत, गडी घरात, मग रांधतं कोण?
तेच रांधतात. भात.
आमच्यात भात सणाला, नाहीतर आजाऱ्याला.
रत्नव्वानं रेशनचा तांदूळ पोत्यानं आणून टाकला,
म्हणाली, कोंबड्यांना घालत होतो,
माणसाच्या पोटात गेलेला बरा.
असं म्हणायचं असतं का!
पण ते हसले,
आल्यापासून पहिल्यांदा, ठसका लागेपर्यंत.

पोरगं मात्र बोलेना. अन्वय नाव.
शाळेत अर्धी पोरं कानडी, अर्धी मराठी,
याची मराठी तिसरीच, मले-तुलेची.
पोरं दात काढायची.
मी एकेकाचा कान उपटणार होते,
बाई म्हणाल्या, राहू द्या मावशी.
राहू दिलं.
मला हेच सगळ्यात अवघड जातं.

मग एकदा टँकर मागं घेताना
रत्नव्वाची करडं चाकाकडं निघाली
आणि फाटकातून हे पोरगं किंचाळलं,
बा इल्ली! बा!
कानडी. कुणी शिकवलं, देव जाणे.
एक करडू आलं.
बाकीची दोन आली नाहीत,
ती रत्नव्वाचंही ऐकत नाहीत;
ड्रायव्हरनंच ब्रेक मारला.

मार्चात बाईंचा बाँड संपतो.
नागपूरहून फोन येतात.
मी फरशी पुसताना ऐकते,
आणि ऐकलं नाही अशी पुसते.
विचारायचं नाही, ठरवलंय.
विचारणं म्हणजे पुन्हा चाळीस चपला.

काल दुपारी, कुलपाच्या वेळात,
अश्वजितभाऊ फाटकाशी आले.
मावशी, हातोडी मिळंल का?
मिळंल, ‘मिळेल’ नाही. तेही कुणी शिकवलं, देव जाणे.
मी घरी गेले. धावले नाही, चालत गेले,
येताना वाटेत दोघांनी विचारलं, हातोडी कशाला,
सांगितलं नाही.

सरकारी गिलावा.
पहिला खिळा वाकला,
मूठभर वाळू खाली.
दुसरा आहे का, म्हणाले.