साडेचार बाय सहा

जिन्याखाली जागा निघाली साडेचार बाय सहा.
आधी तिथं मोडका कूलर होता,
सुताच्या रिकाम्या कोनांची दोन पोती,
आणि एक मांजर.
मांजर अजून आहे.

माग विकले गेले तेव्हा मालक म्हणाले,
हिशेबाला पैसे नाहीत, हवी तर मोटर ने.
एक हॉर्सपॉवर. बावीस वर्षं
तिनं चादरीवर मोरच मोर काढले.
आता ती पॉलिशपेपरचा पट्टा फिरवते
आणि सुरू होताना
जुन्या सवयीनं एकदा थबकते,
तार तुटली की काय, बघते.

पोलाद अक्कलकोट रोडला भंगारात मिळालं.
ट्रकचा पाटा, किलोच्या भावानं.
मौलाली म्हणाला, लई ऊस वाहिलाय ह्यानं,
आतून दमलेला असंल, वाजवून घे.
मी वाजवला,
माठ घेताना वाजवतात तसा.
मला वाटलं, कळलं.

भट्टी म्हणजे सहा विटा, पांढरी माती
आणि श्यामलाचा केस वाळवायचा ड्रायर,
लग्नात तिनं एकदाच लावलेला.
ऐरण म्हणून रुळाचा वीतभर तुकडा.
तो कुठून आला, ते विचारू नका.

पाणी नळाला पाचव्या दिवशी.
घासताना पातं तापतं, बुडवत राहावं लागतं,
म्हणून धुण्याचं शेवटचं पाणी माझं.
वरचे चिलवेरी सर दुपारी दोन ते चार झोपतात,
म्हणून तेवढा वेळ फक्त कानस.
पुढं पुढं मी दोन वाजायची वाट बघू लागलो.

तापवायचं मात्र रात्री.
रंग अंधारातच कळतो.
मे महिना, भिंतीसुद्धा निवलेल्या नाहीत,
आणि मी भट्टीपुढं लुंगी खोचून.
लोखंड आधी काळपट, मग डाळिंबाचा दाणा,
मग त्याच्याही पुढं.
स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक लावत राहायचं.
ते चिकटायचं विसरलं की
जरा थांबून
तेलात.

तेल करडीचं, चार लिटर.
बायकोला मी दोन सांगितलेलं.

पहिलं पातं बुडवलं
आणि घरभर भजी तळल्याचा वास.
सहस्रा झोपेतून उठून आली, हातात बशी.
तेवढ्यात तेलाखालून, टिच्.
बांगडी पिचावी तेवढाच आवाज.
रात्रीचे साडेबारा, ती बशी पुढं करून उभी,
आणि मी चिमट्यात
दोन तुकडे धरलेले.

दुसरं टिकलं.
केकसाठी घेतलेल्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवलं,
कडब्याच्या रंगाचं होऊन बाहेर आलं.
मुठीला आजोबांचा धोटा चिरला.
त्यांच्या अंगठ्यानं एका बाजूला खळगा पाडलेला,
तिथं माझा अंगठा बसत नाही.
आईनं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं,
म्हणाली, ह्यात कांडी कुठं बसवायची?

मग सुपातलं एक पान घेऊन
त्यावर पातं नुसतं टेकवलं.
पान दोन झालं.
चांगलीय, म्हणाली, पण मला सुरी कशाला?
आणि पदराआडून काढून
तिची कात्री माझ्यापुढं ठेवली.
रोज हजार विड्यांची पानं कापते ती,
अंगठ्याच्या कडीला चिंध्या गुंडाळलेल्या,
धार कधीच गेलेली.

दुसऱ्या दिवशी पायरीवर अकरा कात्र्या.
ओळखीला रंगीत दोरे बांधलेले.
निळा दोरा गुर्रमकाकूंचा,
लाल दोरा दोघींचा, त्यावरून आधीच वाद.

सुरीचं सोपं असतं, कड तेवढी बघायची.
कात्रीची दोन पाती
मुळापासून टोकापर्यंत
एकाच जागी भेटत भेटत गेली पाहिजेत,
केसभर फट राहिली की पान मुडपतं.
चार दिवस मी फक्त तो एक खिळा
सैल करतोय, आवळतोय.

कानाशी धरून हवेत चालवून बघितली.
आतून आई ओरडली,
रिकामी कात्री वाजवू नये, भांडणं होतात!
मग पान दे, म्हणालो.

तिनं सुपातून एक ओलं पान काढलं.
एकच.
पानांचा हिशेब द्यावा लागतो.